आणखी दोन मिनिटं

9 ऑगस्ट 2024. ब्राझीलमधल्या कास्कावेलहून साओ पाउलोच्या ग्वारुल्योस विमानतळाकडे निघालेलं वोएपास कंपनीचं एटीआर-72 सतरा हजार फुटांवर होतं. उतरायला सुरुवात करायची जागा आली होती आणि वैमानिकांनी खाली येण्याची परवानगी मागितली होती. खालून दुसरी वाहतूक चालली होती, म्हणून नियंत्रकाने सांगितलं की आहात त्या उंचीवर राहा, दोन मिनिटांत खाली सोडतो. वैमानिकांनी होकार दिला. त्याच्या थोडंसंच आधी सहवैमानिक कॉकपिटमध्ये म्हणाला होता, खूप बर्फ आहे. हे वाक्य ध्वनिमुद्रण यंत्रात राहिलं, रेडिओवर गेलं नाही. होकार दिल्यापासून जेमतेम अर्ध्या मिनिटात विमान हातातून सुटलं आणि गिरक्या घेत विन्येदो गावातल्या घरांमध्ये येऊन पडलं. विमानातले 62 जण गेले.

‘दोन मिनिटं’ हे आपल्याकडे वेळेचं माप नाही, ती बोलायची पद्धत आहे. बँकेत, दवाखान्यात, रिक्षावाल्याशी बोलताना आपण ते इतक्यांदा ऐकतो की त्याचा अर्थ ‘बघू’ एवढाच उरलाय. त्या नियंत्रकाची दोन मिनिटं मात्र खरीखुरी, मोजलेली होती. त्याच्या पडद्यावर दोन विमानांच्या खुणा होत्या, त्यांच्यातलं अंतर राखणं हे त्याचं काम होतं आणि ते तो चोख करत होता. सेनिपा या ब्राझीलच्या तपास यंत्रणेचा प्राथमिक अहवाल वाचताना मी कुठे चूक सापडते का ते शोधत होतो. विमानात वेग कमी होत असल्याचे इशारे वाजत होते, पंखावरचा बर्फ काढणारी यंत्रणा अनेकदा चालू-बंद झाली होती, म्हणजे कॉकपिटमधल्या कामकाजाबद्दल प्रश्न बरेच आहेत. नियंत्रकाच्या बाजूला तसं बोट ठेवण्यासारखं काही दिसलं नाही. मला अस्वस्थ करतं ते नेमकं हेच. चोख चाललेल्या कामातून माणसं मेली, तर त्या कामाची आखणीच पुन्हा बघायला हवी.

कारण ही गोष्ट पहिल्यांदा घडलेली नव्हती. तीस वर्षांपूर्वी, 31 ऑक्टोबर 1994 रोजी, त्याच जातीचं विमान अशाच थांबण्यात पडलं होतं. अमेरिकन ईगलची 4184 क्रमांकाची फेरी इंडियानापोलिसहून शिकागोच्या ओ’हेअरला निघाली होती. ओ’हेअरवर गर्दी असल्यामुळे तिला आधी जमिनीवरच 42 मिनिटं थांबवून ठेवलं. मग हवेत गेल्यावर लुसिट नावाच्या बिंदूवर, दहा हजार फुटांवर, पुन्हा घिरट्या घालायला लावलं. पुढे सोडण्याची अपेक्षित वेळ एकदा सांगितली, मग ती पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. मुंबईच्या आकाशात पावसाळ्यात अशा घिरट्या ज्यांनी खाल्ल्या आहेत त्यांना खिडकीबाहेरचा तो एकच एक करडा रंग आठवेल. त्या करड्या ढगात विमान अर्ध्या तासाहून जास्त फिरत राहिलं. कॉकपिटमध्ये बर्फाचा उल्लेख झाला, तोही घाबरून नव्हे, सहज. गप्पा चालू होत्या, हेही खरं. नियंत्रकाला बर्फाबद्दल कोणी सांगितलं नाही आणि नियंत्रकानेही विचारलं नाही. शेवटी आठ हजार फुटांवर उतरायला परवानगी मिळाली आणि सोबत निरोप आला की अजून साधारण दहा मिनिटांत पुढे सोडू. त्यावर विमानातून ‘धन्यवाद’ एवढंच उत्तर आलं. मग विमान उलटलं आणि इंडियानातल्या रोझलॉन गावाजवळ सोयाबीनच्या शेतात कोसळलं. 68 जण होते, कोणी वाचलं नाही.

पंखावर बर्फ धरणं म्हणजे काय, हे जरा नीट समजून घ्यायला हवं. शून्याखाली गेलेलं सगळं पाणी गोठत नाही. ढगातले थेंब शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत, कधी त्याहून खालीही, द्रवच राहतात. त्यांना गोठायला काहीतरी धक्का लागतो. विमानाचा पंख हा तो धक्का. बारीक थेंब पंखाच्या पुढच्या कडेवर आदळताक्षणी गोठतात. त्याचा पांढुरका, खरखरीत थर होतो. एटीआरसारख्या विमानांत त्या कडेवर रबरी पट्टा असतो, तो हवा भरून फुगवला की थर तडकून उडून जातो. मोठे थेंब मात्र लगेच गोठत नाहीत. ते पंखावरून मागे ओघळत जातात आणि रबरी पट्टा जिथे संपतो त्याच्या पलीकडे गोठतात. तिथे बांध घातल्यासारखी बर्फाची कड उभी राहते. पट्टा कितीही फुगवा, तिच्यावर काही परिणाम होत नाही. रोझलॉनला हेच झालं. त्या कडेने पंखावरच्या हवेचा प्रवाह फाटला, पंखाच्या टोकाजवळचा एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारी झडप, हवेनेच ओढून घेतला आणि विमान एका बाजूला फेकलं गेलं. विमानाला बर्फात उडण्याची परवानगी देताना ज्या थेंबांचा विचार होई ते जास्तीत जास्त 50 मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीहून लहान. त्या ढगातले थेंब त्याच्या कितीतरी पट मोठे होते. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास यंत्रणेने 1996 च्या अहवालात विमान बनवणारी कंपनी आणि परवानगी देणाऱ्या यंत्रणा यांना धारेवर धरलं. फ्रान्सच्या तपास यंत्रणेला ते पटलं नाही, तिने वैमानिकांकडे बोट दाखवलं. पुढे पट्टे रुंद झाले आणि मोठ्या थेंबांसाठीचे नियम यायला 2014 उजाडलं.

हा सगळा वाद विमानाबद्दल झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण बर्फाच्या संकटात एक विचित्र गोष्ट आहे. इंजिन बंद पडलं किंवा आग लागली तर उपाय विमानाच्या आतच शोधावा लागतो. बर्फावरचा खरा उपाय बाहेर असतो, दोन-तीन हजार फूट खाली किंवा वर. बर्फ धरणारा थर बहुतेक वेळा फार जाड नसतो, त्यातून बाहेर पडलं की संपलं. म्हणजे औषध उंचीचं आहे. आणि उंचीच्या किल्ल्या वैमानिकाकडे नसतात, त्या नियंत्रकाच्या कमरेला असतात. ज्याला दुखतंय त्याच्याकडे औषध नाही आणि ज्याच्याकडे औषध आहे त्याला दुखणं दिसत नाही. रडारच्या पडद्यावर विमानाचं नाव दिसतं, उंची दिसते, जमिनीसापेक्ष वेग दिसतो, पाऊसही दिसतो. पंखावरचा बर्फ दिसत नाही.

याहून अवघड भाग पुढे आहे. नियंत्रकाच्या रोजच्या भाषेत तीन हुकूम असे आहेत की त्यांच्यावाचून त्याचं एक मिनिट चालत नाही: थांबा, वळा, वेग कमी करा. एरवी हे हुकूम म्हणजे दूध-भाकरी. बर्फ धरलेल्या विमानाला मात्र तिन्ही विषासारखे. थांबलं की ढगातला वेळ वाढतो. वळलं की पंखावरचा भार वाढतो. वेग कमी केला की स्टॉलची, म्हणजे पंखाची उचल तुटण्याची, सीमा जवळ येते, आणि बर्फामुळे ती सीमा आधीच वर सरकलेली असते, किती सरकली ते कॉकपिटलाही ठाऊक नसतं. 9 जानेवारी 1997 ला कॉमएअरचं एम्ब्रेअर-120 जातीचं विमान सिनसिनाटीहून डेट्रॉइटकडे येत होतं. मिशिगनमधल्या मनरोजवळ, चार हजार फुटांवर, त्याला वेग 150 नॉटवर आणायला सांगितलं होतं आणि वळायलाही. पुढे-मागे विमानं असताना कुठलाही नियंत्रक हेच सांगेल. पंखावर बर्फाचा पातळ, खरखरीत थर होता, बहुधा वैमानिकांच्या लक्षातही न आलेला. वळता वळता, वेग उतरता उतरता विमान कलंडलं. 29 जण गेले. एनटीएसबीने इथेही मुख्य दोष बर्फातल्या किमान वेगाचे नीट नियम न करणाऱ्या यंत्रणेला दिला, आणि वेग तळाशी ठेवण्याच्या वैमानिकांच्या निर्णयालाही.

रोझलॉनला ‘थांबा’, मनरोला ‘हळू आणि वळा’, विन्येदोला ‘दोन मिनिटं’. यातला एकही हुकूम नियमबाह्य नव्हता. अपघात या हुकमांनी झाले असं मी म्हणत नाही, कारणांच्या साखळीत ही एक कडी होती, आणि तीही बिनघोर, सद्भावनेने गुंफलेली. पण तिन्ही ठिकाणी ही कडी तोडता आली असती, एका प्रश्नाने. बर्फ धरतोय का?

यावर ठरलेलं उत्तर असतं आणि ते हलकं नाही. विमानाचा अंतिम अधिकार कॅप्टनचा. संकट असेल तर त्याने सांगावं, ‘मेडे’ म्हणावं, आकाश रिकामं होईल. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे तर आणीबाणीत तो गरजेपुरता उड्डाणाचा कुठलाही नियम मोडू शकतो, परवानगीची वाटही बघायची गरज नाही. नियंत्रकाने प्रत्येकाच्या पंखाची चौकशी करत बसायचं ठरवलं तर एका फ्रिक्वेन्सीवरच्या पंधरा विमानांचं काय? शिवाय सगळ्यांनाच अग्रक्रम दिला तर अग्रक्रम कुणालाच राहत नाही. एका निवृत्त नियंत्रकाशी बोलताना त्यांनी मला हसत सुनावलं होतं, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, आम्ही तर सरकारी नोकर.

म्हण खरी आहे. पण बर्फ रडू देत नाही, ही अडचण आहे. आग दिसते, इंजिन थांबलं की आवाज बदलतो, पण बर्फ हळूहळू साचतो, वैमानिकाला तो ओळखीचा असतो, आधी शंभरदा धरून झडून गेलेला असतो. यंत्रणा चालू केली आहे, उतरण्याची वाट बघतोय, आणखी थोडा वेळ, असा विचार चालू असतो. ‘मेडे’ म्हणण्याइतकं संकट वाटतं तेव्हा बहुधा ‘मेडे’ म्हणायला वेळ उरलेला नसतो. विन्येदो आणि रोझलॉन या दोन्ही ठिकाणी आणीबाणी जाहीर झाली नाही, यात वैमानिकांचा भित्रेपणा किंवा निष्काळजीपणा शोधण्याआधी या संकटाची चाल बघायला हवी. ते उंबरठा ओलांडून येत नाही, आधीपासून घरातच असतं.

आणि शब्दांचं म्हणाल तर तिथेही एक गंमत आहे, कडवट गंमत. 25 जानेवारी 1990 च्या रात्री कोलंबियाचं आव्हियांका 52 न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाकडे येत होतं. तीनदा मिळून एक तास सतरा मिनिटं घिरट्या घातल्यावर त्याचं इंधन संपत आलं. सहवैमानिक रेडिओवर ‘प्रायॉरिटी’ हवी असं म्हणाला, इंधन संपतंय असंही म्हणाला, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्याने उच्चारला नाही. ‘प्रायॉरिटी’ म्हणजे आणीबाणी, असं त्याला वाटलं असावं. नियंत्रकांच्या कानाला तो एक विनंतीवजा शब्द होता. विमान लाँग आयलंडवर कोसळून 73 जण मेले. इंधनाच्या टंचाईसाठी सर्वांना एकसारखी समजेल अशी शब्दावलीच नव्हती, असा ठपका तपासात ठेवला गेला. यानंतर सहाच वर्षांनी, रोझलॉनच्या धक्क्यातून, अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने रबरी पट्टे असलेल्या अनेक छोट्या विमानांसाठी आदेश काढला. मोठ्या थेंबांच्या बर्फाची दृश्य लक्षणं दिसली की वैमानिकाने ताबडतोब नियंत्रकाकडे मागावं... काय? ‘प्रायॉरिटी हँडलिंग’. आदेश चांगलाच होता. थांबू नका, बाहेर पडा, हे त्याने लेखी सांगितलं. पण ज्या शब्दाच्या अर्थावरून माणसं गेली होती, नेमका तोच शब्द पुन्हा वैमानिकाच्या तोंडी दिला. एका खोलीतल्या फाईलला शेजारच्या खोलीतल्या फाईलची बातमी नसते, हे काही फक्त आपल्याच सरकारी कचेऱ्यांचं वैशिष्ट्य नाही.

बर्फाबद्दल विचारावं, असं अमेरिकेच्या नियंत्रकांच्या नियमावलीत आज लिहिलेलं आहे. अगदी हलकं आयसिंग असेल किंवा तसा अंदाज असेल तरी वैमानिकांकडून माहिती मागा, असा नियम आहे. त्याच नियमावलीत असंही आहे की ‘मेडे’ वा ‘पॅन-पॅन’ हे शब्द आले नाहीत आणि मनात शंका आहे, तर आणीबाणीच आहे असं धरून चाला. मग माझं भांडण कशाशी? विचारण्यामागच्या हेतूशी. ही माहिती हवामानाची बातमी म्हणून गोळा होते, मागून येणाऱ्या विमानांना द्यायला. विचारलेल्या विमानाचं त्या उत्तराने काही बदलत नाही. डॉक्टरने रोग्याला विचारावं, खोकला आहे का, आणि ‘आहे’ म्हटल्यावर साथीच्या नोंदवहीत एक रेघ ओढून पुढच्याला बोलवावं, तसं हे झालं. शिवाय ही बातमी फसवीही असते. हलकं, मध्यम, तीव्र ही वर्गवारी वैमानिकाच्या आणि विमानाच्या अनुभवावर ठरते. पुढून गेलेलं मोठं जेट तो थर दीड मिनिटात कापून ‘हलकं’ सांगतं. त्याच थरात अर्धा तास घिरट्या घालणाऱ्या, एटीआरसारख्या छोट्या टर्बोप्रॉपला ते ‘हलकं’ काय कामाचं?

युरोपात नियंत्रकांना आणीबाणीसाठी ‘असिस्ट’ नावाचं सूत्र शिकवतात: ऐकल्याचं कळवा, बाकीची विमानं दूर ठेवा, फ्रिक्वेन्सीवर शांतता राखा, संबंधितांना कळवा, मदत करा, वैमानिकाला वेळ द्या. सूत्र नेटकं आहे आणि आणीबाणी जाहीर झाल्यावर फार उपयोगी आहे. बर्फाची खरी लढाई त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत हरली किंवा जिंकली जाते, आणि त्या दहा मिनिटांसाठी सूत्र नाही.

मला हवा आहे तो बदल लहान आहे. ढगात, शून्याखालच्या उंचीवर, टर्बोप्रॉप विमानाला थांबवण्याची पाळी आली तर थांबवण्याच्या हुकमालाच प्रश्न जोडलेला असावा: तिथे बर्फ आहे का, खाली हवंय की वर? उत्तर ‘आहे’ आलं तर ते विमान रांगेतून बाहेर काढायचं, त्याने आणखी काही मागण्याची वाट बघायची नाही, त्याला हळू करायचं नाही. थांबवायचंच तर ज्यांना ती हवा मानवते अशा जेट विमानांना थांबवा, किंवा जमिनीवर थांबवा. रोझलॉनच्या विमानाला 42 मिनिटं जमिनीवर बसवलं होतं तेव्हा त्याच्या पंखांना काही धोका नव्हता. फ्रिक्वेन्सीवर गर्दी असते हा आक्षेप मला मान्य आहे, पण हा प्रश्न पंधराही विमानांना विचारायचा नाहीये. वैमानिक स्वतःहून बोलतील ना, या आक्षेपाचं उत्तर मात्र तीन अपघातांनी दिलेलं आहे. आणि विचारण्याचा आणखी एक परिणाम असतो, तो नियमात लिहिता येत नाही. सहज विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस खिडकीबाहेर बघतो.

आपल्याकडे बर्फाचं काय, असं वाटेल. विमानाच्या पंखासाठी आपलाही देश थंडच आहे, फक्त जरा उंचावर. पावसाळ्यात आपल्या आकाशात शून्य अंशाची रेषा साधारण सोळा-सतरा हजार फुटांच्या पुढे असते, आणि एटीआर त्याच्या आसपास आणि वरही उडतं. गोव्यातल्या मोपाहून जळगाव-पुण्याकडे उडणाऱ्यांत एटीआर-72 विमानं आहेत. रोझलॉननंतरच्या सुधारणा त्यांच्यात आहेत, घाबरण्याचं कारण नाही. पण सह्याद्रीवरच्या आषाढातल्या ढगात थेंबांची काही कमतरता नाही, आणि मुंबईच्या गर्दीत थांबणंही काही नवं नाही.

उंचीची किल्ली कुणाच्या हातात आहे याचं आपल्याकडचं ताजं उदाहरण बर्फाच्या थराचं नाही, गारांचं आहे. 21 मे 2025 ला इंडिगोची दिल्ली-श्रीनगर फेरी, 6ई 2142, दोनशेहून अधिक प्रवासी घेऊन पठाणकोटजवळ 36,000 फुटांवर होती. समोर वादळी ढग होता. वैमानिकांनी डावीकडे, सीमेच्या बाजूला वळण्याची परवानगी मागितली. हवाई दलाच्या नॉर्दर्न कंट्रोलने ती दिली नाही. लाहोरला विचारलं, तिथूनही नकार आला. एप्रिलपासून दोन्ही देशांची आकाशं एकमेकांच्या विमानांना बंद होती. मागे फिरायला ढग फार जवळ आला होता, म्हणून ते त्यातूनच गेले. गारा आदळल्या, समोरच्या हवेशी विमानाचा कोन मोजणाऱ्या यंत्रणेत बिघाड दिसला, वेगाचे आकडे बेभरवशाचे झाले, संगणकाचं संरक्षण गेलं, आणि एका क्षणी विमान मिनिटाला 8,500 फूट या गतीने खाली येत होतं. इथे वैमानिकांनी मागितलं होतं, वेळेवर, दोन दारांवर. रडूनही दूध मिळालं नाही. सीमेवरच्या त्या दिवसांत नकार देणाऱ्यांकडे कारणं होती, आणि ती मी इथे बसून खोडून काढणार नाही.

पण याच फेरीचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. वैमानिकांनी ‘पॅन-पॅन’ म्हटलं, ‘मेडे’च्या एक पायरी खालचं, आणि त्यानंतर जमिनीवरची माणसं कामाला लागली. त्यांनी दिशा दिल्या. आणि रडारवर दिसणारा जमिनीसापेक्ष वेग विमान उतरेपर्यंत वाचून दाखवला. तो हवेतला वेग नव्हे, वाऱ्याचा हिशेब धरावा लागतो. पण कॉकपिटमधल्या वेगमापकांवर भरवसा उरला नव्हता तेव्हा श्रीनगरच्या वाटेवर वैमानिकांना मिळणारा एक आकडा तरी बाहेरून, दुसऱ्याच्या पडद्यावरून येत होता. नाकाला भोक पडलेलं ते विमान उतरलं. कुणाला इजा झाली नाही.